वन्सं, तुमच्या दिव्यातली हिरवी काच

वन्सं, काल मोरीत बसून पाटा घासत होते आणि बोटात काच शिरली. चांगली खोल. रक्त पाट्यावरून मोरीच्या तोंडाशी वाहत गेलं आणि माझ्या तोंडून हाक गेली, "वन्सं, चिमटा आणा हो!" मग आठवलं. तशीच बसून राहिले बोट दाबून. तुम्हाला जाऊन अजून आठवडा झाला नाही, पण तुमची काच मला चावायची सोडत नाही.

वाडीतल्या बायका म्हणाल्या, गणपतीच्या अंकात नर्सबाईंवर चार ओळी लिहा. जन्म, शिक्षण, नोकरी असं ओळीनं लिहा म्हणाल्या. मला ओळीनं काही येत नाही. अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांवरून उचलली, ती जशी सांडली तशीच गोळा केली. आणि जन्म-नोकरी तुम्हाला कशाला सांगू? तुम्हाला ठाऊक आहे ते. परळच्या सूतिकागृहातल्या नर्सबाई म्हणून अर्ध्या गिरणगावाची नाळ तुम्ही कापलीत, एवढं लोकांनाही ठाऊक आहे. माझ्या सुलूच्या वेळी मी अडले होते तेव्हा तुम्ही माझ्या थोबाडीत मारली होतीत. "रडतंस काय? जोर लाव!" गाल आठ दिवस निळा होता. पण सुलू आहे आणि मी आहे. त्या थोबाडीचे आभार मानायचे राहिले, ते आधी मानून घेते.

मला लिहायचं आहे ते तुमच्या दिव्याबद्दल. तुम्ही आणि हे, सख्खी भावंडं. तुम्ही मोठ्या, हे धाकटे, पोलिसात हवालदार. लहान वयात कपाळ पुसून माहेरी आलात, भावाला वाढवलंत, नोकरीला लावलंत; हे तुम्हाला बाय म्हणायचे. सुलू सासरी गेल्यावर गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत आपण तिघं. आणि त्या दोन खोल्यांत गेली कित्येक वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत, त्या दिव्यापायी. तुम्ही जाण्याआधी तरी यांनी तो एकदा लावावा, एवढंच माझं देवापाशी मागणं होतं. तुम्ही थांबला नाहीत.

सुरुवात झाली ती दादरच्या पारशीणबाईंकडे. त्यांच्या बाळंतपणाला घरी गेला होतात. जेवणाच्या टेबलावर रंगीत काचेचा घुमट टांगलेला. बाई वेणा देताहेत, ओरडताहेत, आणि तुम्ही म्हणे दारातून त्या दिव्याकडे बघताय. घरी येऊन म्हणालात, "गो, दिव्यावर टोपलीसारखा पालथा घातलेला. नुसते तुकडे. माका तसो करूचो हा."

"कशाला?"

"करूचो म्हणून."

नोकरी सुटल्यावर खरंच बसलात. चोरबाजारातून मोडलेल्या बंगल्यांच्या खिडक्यांच्या काचा आणल्यात. पिवळ्या, तपकिरी, निळ्या, हिरव्या. घुमटावर गावच्या परसातल्या भोपळीचा वेल काढायचा होता तुम्हाला, फुलांपानांसकट. हिऱ्याच्या कणीने काचेवर रेघ ओढायची, बाळंतपणाच्या चिमट्याने धरायची आणि मनगटाचा एकच झटका. टक. रेघेवर तुटली तर तुम्ही हसायचात. आडवी तुटली तर तिला आणि तिच्या सात पिढ्यांना शिव्या. मग तुकड्याची कड दगडावर घासायची, कडेभोवती तांब्याच्या पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळायची, तुकडे पालथ्या साच्यावर मांडायचे आणि तापल्या लोखंडाने पट्ट्यांवर कथील वितळवून ते एकमेकांना झाळायचे. कथील आणि नवसागर गल्लीत येणाऱ्या कल्हईवाल्याकडून, विद्याही त्याचीच. तुमची बोटं कायम कापलेली. भाकरीला रक्ताचे ठिपके. "आज काय, डाळिंबाची भाकरी?" असं हे विचारायचे, तेव्हा तुम्ही बोलत होतात ना.

दगडावर घासायची म्हटलं खरं, पण तो दगड म्हणजे माझा पाटा. मला न विचारता. एक दिवस हे चटणी खाता खाता थांबले आणि दातांतून निळा कण काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी वरवंटा उचलून मोरीत असा आपटला की फरशीचा टवका उडाला.

"वन्सं, आमच्या आतड्यांना भोकं पाडणार तुम्ही! ह्या वयात काचा फोडायचं कसलं हे खूळ?"

तुम्ही उठलात. तुमचा आवाज चढला नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणालात, "फोडूक सगळ्यांका येता. माझ्यो बांगड्यो फोडूक चार बायो धावल्यो होत्यो, दगड घेऊन. मनगटात काच घुसली तरी थांबल्यो नाय. जोडूक एक तरी इली काय गो?"

मी पाटा तुम्हाला दिला. वाटण शेजारणीकडे वाटत राहिले. आणि मग तुमच्या शेजारी बसून कडा घासायलाही शिकले.

पहिला घुमट आठवतो का हो? साच्यासाठी गोल काय घ्यावं म्हणून तुम्ही यांच्या अंघोळीचं तांब्याचं घंगाळ पालथं घातलंत. नुकती सगळीकडून कल्हई केलेलं, चकचकीत. त्यावर महिनाभर तुकडे मांडले, झाळले, आणि उचलायला गेलो तर घुमट हलेना. हलणार कसा? कल्हई म्हणजे कथीलच की. खालची कल्हई वितळली, वरचं कथील वितळलं, दोघं गळ्यात गळा घालून बसले. तुम्ही कल्हईवाल्याची शिष्या, आणि हे आपल्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही! हे पंचा नेसून उभे. "बाय, ड्यूटीक उशीर होतो, माझा घंगाळ दी." तुम्ही हातोडी घेतलीत. पहिला घाव घंगाळाला, दुसरा घुमटाला, मग कशाला बसतोय ते बघितलंच नाहीत. काचा छतापर्यंत उडाल्या. यांच्या पोटरीत एक रुतली. घंगाळाला शेवटपर्यंत पोक राहिलं. आपण तिघं त्या काचांत बसून इतके हसलो की खालून माणूस वर आला, कोण गेलं म्हणून बघायला.

दुसरा साचा तुम्ही लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातून आणलात. तिथल्या मूर्तिकाराला जन्माला घातलं होतंत तुम्ही, तो नाही कसं म्हणेल? मोठ्या गणपतीचं नुसतं पोट त्याने प्लास्टरमध्ये ओतून दिलं. "बाय, बेंबी ठेवू की बुजवू?" त्याने विचारलं. "ठेव," तुम्ही म्हणालात, "बेंबी नसली तर जन्माक इल्यासारखा वाटना नाय." घोडागाडीतून ते पोट मांडीवर घेऊन आपण आलो, आणि रस्ताभर लोक हात जोडत होते. उतरत्या पोटावर कथील ओघळतं, म्हणून मी ते मांडीवर तिरकं धरून बसायची आणि तुम्ही झाळायचात. एकदा उकळता थेंब पातळातून थेट मांडीवर. मी किंचाळले. तुम्ही म्हणालात, "पोट सोडू नको!" सोडलं नाही. डाग आहे अजून. वाटाण्याएवढा.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही म्हणाले आणि आपल्या गल्ल्या पेटल्या. सकाळी हे पिवळी टोपी घालून जिना उतरायचे, आणि ज्यांच्या अंगावर दांडका घेऊन जायचं तीच मुलं जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायची, कारण ती यांना काका म्हणायची. दुपारी रस्त्यावर विटा, सोड्याच्या बाटल्या, अश्रुधूर. फाउंटनला गोळ्या चालल्या. परळ-लालबागकडून येणारे सांगायचे, गॅलरीत उभ्या माणसाला लागली, दुधाला गेलेल्याला लागली. जखमी मुलं मागच्या जिन्याने तुमच्याकडे यायची, इस्पितळात नाव लिहून घेतात म्हणून. तुम्ही टाके घालायचात, आणि वर खुंटीला यांचा दुसरा पट्टा लोंबत असायचा.

एक गिरणीतला मुलगा पालथा पडला होता. पाठीचं सालडं निघालेलं. तुम्ही कापसाने रक्त टिपत होतात, आणि हे दारात. गणवेशात. मुलगा उठायला धडपडला. तुम्ही त्याची मान खाली दाबलीत. "झोप. माझो भाव तो. पाणी पिऊक इलो असात." यांनी पाणी घेतलं नाही. काम होईपर्यंत बाहेर गॅलरीत बसून राहिले, भिंतीकडे तोंड करून.

मुलगा गेल्यावर तुम्ही विचारलंत, "तुझ्या दांडक्याचो काय तो?"

"बाय, कसा कळतला? हुकूम येता, आम्ही धावतो. समोर कोण बघूक मिळता काय?"

तुम्ही खुंटीवरची त्यांची टोपी काढलीत, तिच्यात थुंकलात आणि पुन्हा खुंटीला लावलीत. मी डोळे मिटले. वाटलं, आता हात उचलतात. यांनी टोपी मोरीत नेली, स्वतः धुतली आणि ओलीच डोक्यावर घालून पाळीवर गेले.

आणि हेही सांगते, कारण वाडीतल्या बायका हे छापतील की नाही ठाऊक नाही. त्याच आठवड्यात नळावर माझी कळशी एकीने लाथेनं उडवली. "पोलिसाच्या बायलेक पाणी नाय." तुम्ही गॅलरीतून पाहिलंत. खाली आलात, तिच्या झिंज्या धरल्यात आणि तिचं तोंड नळाखाली घातलंत. "माझ्या भावाक गाळी मी घालतलंय. तुझो काय संबंध?" तिघींना मिळून तुमचा हात सोडवावा लागला. वर येऊन माझ्या हातात भरलेली कळशी दिलीत आणि यांच्यावरचा राग तसाच ठेवलात.

मग ती दुपार. दोघा शिपायांनी यांना उचलून आणलं. इस्पितळाचा रस्ता अडवलेला, घर जवळ. सोड्याची बाटली डोक्यात फुटली होती. कपाळापासून मागेपर्यंत नुसतं लाल, आणि त्या लालात काचा चमकताहेत. तुम्ही साच्यावरचं फडकं काढलंत, जमिनीवर पसरलंत आणि यांचं डोकं मांडीवर घेतलंत, मी गणपतीचं पोट घ्यायची तसं. काचेचा चिमटा उकळत्या पाण्यात बुडवलात. भूल नाही, काही नाही. यांच्या दातांत त्यांचाच पट्टा.

"गप ऱ्हव मेल्या," तुम्ही म्हणालात आणि सुरू केलंत. एक काच काढायची, वाटीत टाकायची. "ही त्या पोराच्या पाठीची." दुसरी. "ही लालबागच्या गॅलरीतल्याची." हे पट्टा चावून गुरासारखे ओरडत होते. "ही तुझ्या टोपीत थुंकल्याची, ती माझ्याकडसून." तेव्हा तुमच्या डोळ्यांतून पाणी यांच्या जखमेत पडत होतं. त्याचीही आग झाली असेल. शेवटची काच हाडाशी रुतलेली. जाड, हिरवी, बदामाएवढी, कडा करवतीसारख्या. ती निघाली तेव्हा यांची शुद्ध गेली. तुम्ही ती पाण्यात खळबळलीत, उजेडात धरलीत, आणि वाटीत टाकली नाहीत. पदरात बांधलीत.

जखम चिघळली, ताप भरला. बरेच दिवस इस्पितळात काढले आम्ही दोघांनी. परत आलो तर घुमट पुरा झालेला. खिडकीशी टांगलेला. वेल, पिवळी फुलं, मधे बेंबीचा वाटोळा तुकडा. डोक्याला पट्टी बांधलेले हे त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील, आता मिटेल. काठाजवळच्या एका पानावर यांनी बोट ठेवलं.

"ही खयची?"

"तुझ्या डोक्यातली."

एवढंच. तुम्हाला दुसरं काही बोलता आलं नसतं का हो? यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. कोपऱ्यातलं दांडकं उचललं, घुमटावर उगारलं. तुम्ही मधे जाऊन उभ्या राहिलात, केसांचा आंबाडा सुटलेला. "मार. माका आधी मार. हाताक सवय झालीच आसा."

दांडकं खाली आलं ते चुलीजवळच्या माठावर. पाणी सगळीकडे. हे म्हणाले, "माझी मस्करी टांगलंस तू खिडकीत. माझ्या घरात हो दिवो लागाचो नाय. मी त्याच्या उजेडात बसाचंय नाय."

"मगे मी तुझ्या उजेडात जेवाचंय नाय."

तेव्हापासून तुम्ही आतल्या खोलीत चिमणीच्या उजेडात जेवलात आणि हे बाहेर उघड्या बल्बखाली. घुमट फडक्यात बांधून खुंटीला. आणि मधे मी. "तिला सांग, डाळ संपली." "त्याला सांग, मला दिसते आहे." दोघंही मला ऐकवायचात तेव्हा भाषा सुद्धा परक्यासारखी शुद्ध. हातभर अंतरावर बसलेली माणसं! मी एकदा म्हटलं, मी मेले तर बोलणार कशी? तर दोघं एकदम म्हणालात, "तिला सांग, गप बस." आणि एकमेकांशी बोललात हे कळून दोघंही चपापलात.

आपलं भांडण राहिलं ते त्या काचेवरून. मी तुम्हाला कितीदा विचारलं, का लावलीत? यांना डिवचायला? तुम्ही एकच उत्तर द्यायचात. "भोक त्याच आकाराचा होता." मला ते पटलं नाही. माझा नवरा तीन आठवडे तापाने फणफणत होता आणि तुम्ही त्याच्या रक्ताची काच शोभेला टांगलीत. हा राग मी मनातून काढला नाही. तुम्हाला औषध देताना, पाय चेपतानाही तो होता. महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी सगळ्या गिरगावात रोषणाई, ढोल, पेढे. तुम्ही फडकं सोडून घुमट मांडीवर घेऊन बसलात, दाराकडे बघत. हे आले, बघितलं, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तुम्ही पुन्हा फडकं बांधलंत. गाठ बसेना. मी बांधून दिली. तेव्हाही विचारलं नाही, वन्सं, तुम्हाला काय म्हणायचं होतं?

ते चंदनवाडीच्या स्मशानातून परतल्यावर कळलं.

तुम्ही गेलात त्या जागी मी पीठ पसरलं, दिवा ठेवला. वर टोपली पालथी घालायची, म्हणजे पिठावर गेलेल्याचं पाऊल उमटतं की काय ते बघता येतं. मी टोपली शोधत होते. हे ओल्या धोतराने उभे होते. खुंटीकडे गेले, फडकं सोडलं, घुमट उतरवला आणि पंच्याने पुसायला लागले. काठाजवळ हात थांबला.

"ही पानां अशी वाकडीतिकडी कशाक कापली गो तिणा?"

मी जवळ जाऊन बघितलं. वन्सं, मी त्या घुमटाच्या कडा घासल्यात. एकेक कड माझ्या बोटांना ठाऊक आहे. पण हिरव्या काचेभोवतालची ती पानं मी घासलेली नव्हती. ती नवी होती. करवतीसारख्या त्या काचेचा एकही दात तुम्ही मोडला नव्हतात. जिथे तिचा दात बाहेर तिथे शेजारच्या पानाला खाच, जिथे ती आत तिथे शेजारचं पान पुढे. अशी खाच कापताना काच दहादा फुटते. किती पानं फोडलीत हो? किती बोटं कापून घेतलीत?

"तुमची काच होती तशी ठेवली," मी यांना म्हटलं. "बाकीच्या सगळ्या तिच्या मापाने कापल्या वन्संनी. जुन्या काढून पुन्हा कापल्या."

हे अंगठा त्या कडेवरून फिरवत राहिले, एकदा, दोनदा, जखम चाचपावी तसा. मग घुमट दिव्यावर पालथा ठेवला. समोरच्या काकू पुढे झाल्या. "अहो, काचेनं झाकतात का कुठे? टोपली हवी. शास्त्र आहे."

"माझी बहीण हा ती," हे गरजले, हवालदाराच्या आवाजात. "मी बघतंय काय झाकूचा ता." काकू मागे सरल्या. सगळे मागे सरले.

टांगायच्या तारेसाठी ठेवलेल्या वरच्या भोकातून धुराची बारीक रेघ निघाली. पिठावर पिवळी फुलं पडली. हे दिव्याशी मांडी घालून बसले, त्याच्याच उजेडात. घुमट थोडा फिरवला, हिरवी काच आपल्याकडे आली तेव्हा थांबवला. हात डोक्यावरच्या त्या व्रणाकडे गेला.

"हवा कुंद झाली की ठणकता गो अजून, बाय," हे म्हणाले.

मी सवयीनं थांबले. आता पुढे "तिला सांग" येईल म्हणून.

ते आलं नाही.